मानमोडी आणि हजेरीपट

'मानमोडी' हा शब्द आता बहुतेक कोंबड्या पाळणाऱ्यांकडेच उरला आहे. राणीखेत रोगाला खेड्यातले लोक मानमोडी म्हणतात, कारण आजारी कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी शहापूरजवळ कोंबड्यांची शेड टाकली. लशीबद्दल बोलताना त्याच्या तोंडी हा शब्द आला आणि मी एकदम म्हटलं, "अरे, ही तर आपल्या घरातली मानमोडी!" त्याला काही कळेना. तेव्हा त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या आपल्या घरातल्या सगळ्या तरुण मंडळींसाठी हे लिहायला घेतलं आहे.

(राणीखेतचा विषाणू वेगळा आणि माणसांच्या फ्लूचा वेगळा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शास्त्र शिकलेले आमचे जावई लगेच फोन करतील.)

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. तिला 'स्पॅनिश फ्लू' असं नाव पडलं. स्पेनचा संबंध एवढाच, की तो देश महायुद्धात नव्हता, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती आणि आजाराच्या बातम्या उघडपणे छापून आल्या. आपल्याकडे लोकांनी तिला मानमोडी म्हटलं. आजी सांगायची, ताप चढला की डोकं इतकं जड व्हायचं की माणसाला मान धरवत नसे.

मुंबईत या साथीची पहिली चाहूल लागली १० जून १९१८ ला. गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. महायुद्ध चालू होतं, बंदरात सैनिकांची जहाजं येत-जात होती. पाठोपाठ पोर्ट ट्रस्टच्या कचेरीतले, तारखात्यातले, टांकसाळीतले आणि गिरण्यांतले लोक आजारी पडू लागले. त्या वेळचे मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांना हा रोग रात्रीच्या चोरासारखा वाटला, आणि ते खरंच होतं. पण जूनमधली ही लाट तशी सौम्य होती. तीन-चार दिवसांचा ताप, अंगदुखी, मग अशक्तपणा. जुलैत ती ओसरली. लोकांना वाटलं, गेलं संकट.

सप्टेंबरात ती परत आली, आणि या खेपेला तिचं रूपच बदललं होतं. धडधाकट माणसाच्या छातीत दोन दिवसांत कफ भरायचा आणि न्यूमोनियाने तो जायचा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पंचांग पाहिलं तर त्या सुमारास घट नुकतेच बसले होते. साथ रेल्वेने आत आत गेली. मुंबईहून घाबरून गावी निघालेल्यांनी ती बोचक्याबरोबर नेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, गुरांना वैरण नाही, आणि डॉक्टरांपैकी बरेच युद्धावर. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. साऱ्या हिंदुस्थानचा आकडा अभ्यासक साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख यांच्या दरम्यान धरतात. नेमका आकडा मिळणार कुठून? गावात मृत्यूची नोंद करणारा पाटील स्वतःच अंथरुणाला खिळलेला.

मी वर्गात जनगणना शिकवताना १९२१ च्या ओळीपाशी नेहमी थांबायची. दर दहा वर्षांनी वाढत जाणारा आपला आकडा तेवढ्या एका ठिकाणी खाली आला आहे. आजच्या महाराष्ट्राचा जो प्रदेश आहे, तिथे १९११ साली सुमारे २ कोटी १५ लाख लोक होते, १९२१ साली ते २ कोटी ८ लाखांवर आले. यात दुष्काळ आणि प्लेग यांचाही वाटा आहे, पण मोठा घास मानमोडीचाच. मुलं विचारायची, "बाई, युद्धात मेले का एवढे?" नाही रे बाबांनो, तापाने मेले.

पण मला जास्त विचारात पाडलं ते या मोठ्या आकड्यांनी नव्हे, एका छोट्या तक्त्याने. मुंबईत या साथीत हजारी किती मृत्यू झाले, याचं जमातवार कोष्टक तेव्हा केलं गेलं होतं. युरोपियन लोकांत हजारी ८.३. पारशांत ९. मुसलमानांत १९.२. इतर हिंदूंत १८.९. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' असा जो रकाना आहे (शब्द त्या अहवालाचा, माझा नव्हे), त्यात हजारी ६१.६.

विषाणू एकच, शहर एकच, महिनेही तेच. औषध तर कोणाकडेच नव्हतं, साहेबाकडेसुद्धा नाही. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तोच १९३३ साली. १९१८ चे डॉक्टर एका जिवाणूला दोषी धरून बसले होते. मग साडेसात पट फरक पडला कशाने? हवेशीर खोलीने, पोटात असलेल्या अन्नाने, आठ दिवस कामावर न जाता पडून राहण्याच्या ऐपतीने आणि उशाशी पाणी आणून देणाऱ्या माणसाने. मुंबईत तेव्हा बहुतेक कष्टकरी एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. सरकारचा सल्ला होता की उघड्या हवेत झोपा आणि गर्दी टाळा. सल्ला बरोबरच होता. तो पाळायचा कोणी आणि कुठे, एवढाच प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट. फ्लू एरवी लहान लेकरं आणि म्हातारी माणसं नेतो. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची, कर्ती माणसं उचलली. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. गरोदर बाईला तर तो ताप फारच कठीण जाई. याचं कारण सांगताना अभ्यासक बायकांचं कुपोषण, कोंदट घरात राहणं आणि शुश्रूषेचं काम यांकडे बोट दाखवतात. मला त्यासाठी पुस्तक उघडावं लागलं नाही, कारण ही गोष्ट आमच्या घरात घडलेली आहे.

माझं माहेर वाडा तालुक्यातलं. त्या काळी भिवंडी हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचं, हातमागाचं आणि भाताच्या व्यापाराचं गाव. यंत्रमाग १९३० च्या दशकात आले, त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. रेल्वे कल्याणपर्यंत, पुढे बैलगाडी नाहीतर पायी. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता. १९१८ च्या पितृपक्षात तो ताप घेऊन घरी आला. आठ दिवसांत घरातली अकरापैकी नऊ माणसं आडवी झाली.

आजोबांची तेव्हा पहिली बायको होती. तिला सातवा महिना होता. तीही पडली होती, पण तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशी उठली. कोणाला तरी उठायलाच हवं होतं. विहीर लांब, घरात घोटभर पाणी नाही, सासू पाणी पाणी करतेय. तिने दोन दिवस खेपा घातल्या, सगळ्यांना पेज करून पाजली. तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला, श्वास लागला, आणि अष्टमीच्या रात्री ती पोटातल्या जिवासकट गेली. उरलेली आठही माणसं वाचली. तिच्या मागे आठवडाभर शेजारची एक म्हातारी रोज सकाळी पेजेचं मडकं ओटीवर ठेवून, हाक मारून निघून जायची. आत यायची नाही. ते मडकं आलं नसतं तर आणखी दोघं-तिघं तरी गेली असती, असं आजोबा म्हणत.

१९१९ च्या वैशाखात आजोबांचं दुसरं लग्न झालं. चौदा वर्षांची ती मुलगी म्हणजे माझी आजी. तेव्हा मंडळी, हिशोब सरळ आहे. मानमोडी आली नसती, किंवा त्या बाईला दोन दिवस जास्त पडून राहायला मिळालं असतं, तर माझे वडील झाले नसते, मी नसते आणि हे वाचणारे तुमच्यापैकी निम्मे नातेवाईकही नसते.

तिचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नाही. घरात तिला 'थोरली' म्हणत. आजोबा होते तोवर आजी दर अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची आणि पान मांडताना म्हणायची, "थोरलीचं." सवतीविषयी कडवट बोललेलं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, "आजी, तिचं नाव काय होतं गं?" तर म्हणाली, "मला कोण सांगणार? मी यायच्या आत ती गेली होती."

सरकार तेव्हा काय करत होतं, हे कोणीतरी विचारेलच. वीसेक वर्षं आधी, १८९७ च्या प्लेगात सरकारने अति केलं होतं. साथरोगाचा कायदा त्याच साली झाला, अवघ्या चार कलमांचा. त्याच्या जोरावर घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, तो इतिहास शाळेत सगळेच शिकतात. १९१८ मध्ये याच्या उलट. घरात घुसायला कोणी आलं नाही, आणि पाणी द्यायलाही फारसं कोणी आलं नाही. मुंबईत ते काम ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि जातीजमातींच्या मंडळांनी अंगावर घेतलं. दूध, औषध, कपडे घेऊन स्वयंसेवक चाळींतून फिरले. खेड्यात शेजारची म्हातारी होती.

यानंतरही फ्लूच्या जागतिक साथी आल्या. या विषाणूची खोड अशी, की तो दरवर्षी थोडा थोडा बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नवी घ्यावी लागते. पण मधूनच कधीतरी पक्ष्यांतल्या किंवा डुकरांतल्या विषाणूशी त्याची सरमिसळ होते आणि अगदीच अनोळखी विषाणू तयार होतो. आपल्या शरीराला त्याची ओळखच नसते. १९५७ साली असं झालं, १९६८ साली झालं. (५७ सालचं मला एवढंच आठवतं, की घरात सगळे एकदम झोपलेले होते आणि मला दोन दिवस नुसता गूळ-पोहा मिळाला, याचा मला आनंद झाला होता.) फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, ती धडपड याच भीतीपोटी होती. भाच्या, हे तुझ्यासाठी. शेडमध्ये एकदम मर लागली तर लपवू नकोस, पशुवैद्याला कळव.

मग २००९ चा स्वाइन फ्लू. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली, तो देशातला पहिला बळी. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा टीव्हीवर दिसत होत्या. मुंबई-पुण्यात शाळा बंद झाल्या. लोक गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधून फिरत होते. माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. माझ्या सहावीच्या वर्गात एका सोमवारी अठरा मुलं गैरहजर. हजेरीपटावर अ, अ, अ. सवयीने मी त्यांचे पत्ते पाहिले, तर अठरापैकी अकरा एकाच वस्तीतली, त्यातली सहा एकाच चाळीतली. डॉक्टरकडे तोवर त्यातली दोनच गेली होती. म्हणजे त्या चाळीत साथ शिरली आहे हे दवाखान्याच्या आधी आमच्या हजेरीपटाला कळलं होतं! संध्याकाळी आम्ही दोघी शिक्षिका तिथे गेलो. एका घरात बाप रात्रपाळीला मागावर, आई तापाने पडलेली, आणि माझी विद्यार्थिनी, अकरा वर्षांची, स्वतः तापलेली असताना धाकट्या भावंडांना भात करून घालत होती. मला थोरली आठवली. आम्ही तिला झोपवलं आणि शेजारणींशी बोलून आळीपाळीने डबा ठरवला. एवढंच. सगळी बरी झाली.

करोना हा फ्लू नव्हे, विषाणू वेगळ्या घराण्यातला. पण २०२० मध्ये भिवंडीत जे पाहिलं, त्याचा आराखडा १९१८ चाच होता. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि माग थांबले. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. आमच्याकडे माग रात्रंदिवस चालतात, तो खटखटाट कानाला इतका सवयीचा असतो की थांबल्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. मागावरचा कामगार उत्तर प्रदेशातला, बिहारमधला, तेलंगणातला. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपणारे. जेवण भिस्सीत. भिस्सी म्हणजे कामगारांची खानावळ, आठवड्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळ जेवायचं. माग थांबले तशी मजुरी थांबली, भिस्सी बंद पडली, आणि दोन पाळ्यांत झोपणारी माणसं एकाच वेळी त्या खोलीत कोंडली गेली. 'सुरक्षित अंतर ठेवा' हे त्यांना सांगणं आणि १९१८ च्या चाळकऱ्याला 'उघड्या हवेत झोपा' सांगणं, यात काय फरक? महामार्गावरून माणसं नाशिककडे पायी चालू लागली. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला खास गाडी सुटली, तेव्हा कुठे थोडं हायसं वाटलं.

आणि त्याच गावात पेजेची मडकीही निघाली. वस्त्यावस्त्यांत खिचडीची पातेली चढली. जून-जुलैत रुग्णालयांत जागा मिळेना, तेव्हा शांतिनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनच्या खाटा मांडल्या गेल्या, घरी सिलिंडर पोचवायची सोय झाली, तीही मोफत आणि कोणत्याही धर्माच्या माणसासाठी. भिवंडीचं नाव वर्तमानपत्रात दंगलीसाठी छापणाऱ्यांनी हेही ठळक छापायला हवं होतं. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, आशाताई घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. चांगलंच काम. पण तोवर साथीला सहा महिने झाले होते. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला दम्याचा त्रास आहे, कोणाला कुठली भाषा कळते, ही यादी साथ आल्यावर करायची गोष्ट आहे का? पद्मानगरात तेलुगूत सांगायला हवं, दुसरीकडे उर्दूत, तिसरीकडे भोजपुरीत. मराठी फलक लावून आपलं कर्तव्य संपत नाही, हे मी मराठीची शिक्षिका असून सांगते.

फ्लूची मोठी साथ पुन्हा येणार, याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नाही. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. आता आपल्याकडे १९१८ पेक्षा पुष्कळ काही आहे. लस आहे (साठीपुढच्या सर्वांनी आणि दमा-मधुमेहवाल्यांनी डॉक्टरांना विचारून दरवर्षी घ्यावी, मी घेते), विषाणूवर औषध आहे, मागून होणाऱ्या न्यूमोनियावर अँटिबायोटिक आहे. तरी नव्या विषाणूची लस तयार होऊन आपल्या गल्लीत पोचेपर्यंत काही महिने जाणारच. ते महिने काढायचे कसे, हा खरा प्रश्न. खिडक्या उघड्या. घरात तापमापक, साध्या तापाच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं. आणि एक गोष्ट मी मुलीला, सुनेला पुन्हा पुन्हा सांगते, कारण ती थोरलीने जिवाचं मोल देऊन सांगितली आहे. ताप उतरला म्हणून लगेच कामाला लागायचं नाही. उतरलेला ताप परत चढला, श्वास लागला, ओठ निळे दिसले, तर घरगुती काढा बाजूला ठेवायचा आणि रुग्णालय गाठायचं.

आमच्या गल्लीपुरतं मी एक काम केलं आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर शाळेतल्यासारखा एक हजेरीपट आखला. डाव्या बाजूला घरं, एकूण सेहेचाळीस. पुढे रकाने: माणसं किती, एकटं राहणारं कोण, गरोदर किंवा बाळंतीण कोण, जुना आजार काय, भाषा कोणती, कोणाकडे रिक्षा किंवा गाडी आहे, आणि शेवटचा रकाना, 'पेज कोण देणार'. या रकान्यावरून लोक हसले, पण भरला सगळ्यांनी. दर सहा महिन्यांनी, दिवाळीत आणि पावसाळ्याच्या आधी, मी आणि चौथ्या घरातल्या शबानाबी तो तपासतो. त्या उर्दू-हिंदी घरांत बोलतात, मी मराठी घरांत. तेलुगू घरांसाठी माझी एक जुनी विद्यार्थिनी येते.

फक्त कोपऱ्यावरच्या कारखान्यावरची खोली दर वेळी नव्याने भरावी लागते. तिथे चौदा कामगार राहतात, आणि गेल्या खेपेला लिहिलेल्यांपैकी या वेळी पाचच उरले होते. बाकीच्या नऊ जणांची नावं अजून लिहायची आहेत. रविवारी त्यांची पाळी नसते, तेव्हा जाऊ.